यादीत अक्का अकरावी

आमच्या दाजींइतका ॲरेवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि सापडूही नये. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. सात रस्त्याजवळच्या दोन खोल्यांत ते वेबसाइट बनवतात. जग कुठल्या कुठे गेलं, यांची पीएचपी ही जुनी कोडिंगची भाषा काही सुटली नाही. नावांची ओळ, म्हणजे ॲरे, घ्यायची, लूप फिरवून एकेक नाव यादीच्या टॅगमध्ये बसवायचं आणि पानावर छापायचं, यातच त्यांना ब्रह्मानंद. त्याआधी अख्खा ॲरे कंस-बाणांसकट पानावर ओतून बघायची खोड. "पोटात काय हाय ते आदी बगावं की," म्हणायचे. माझ्या लग्नाच्या वेबसाइटवर हे ओतलेलं पुसायचंच राहिलं. माझ्या फोटोच्या डोक्यावर सगळे नातेवाईक नंबरांसकट उघडे पडले, आणि ॲरेची मोजणी शून्यापासून होत असल्यामुळे आत्याच्या वाट्याला शून्य आलं. "शून्य म्हंजे पयला मान, आत्या!" दाजी मांडवभर विनवत फिरले. आत्या न जेवता गेली.

याच माणसानं एका धर्मादाय डायलिसिस केंद्राची वेटिंग लिस्ट हौसेनं बनवून दिली होती. ज्या क्रमानं नोंद, त्याच क्रमानं नाव. पुढं अक्काच्या किडन्या गेल्या आणि तिचं नाव त्याच पानावर अकरावं छापलं गेलं. आठवड्याला तीनदा लागणारं डायलिसिस तिला दुसरीकडं जेमतेम एकदा मिळत होतं. पाय इतके सुजले की चपला होईनात. मी जाऊन दाजींच्या शेजारी बसलो.

"एक ओळ लिवा, दाजी. अक्काला वर घ्या. कुणाला कळतंय?"

दाजींनी वरची दहाही नावं गावासकट मला वाचून दाखवली. कोण दुधनीचा, कोण मोहोळची. "ह्यातलं कुणाला खाली ढकलू? तूच सांग."

मी सरळ दुधनीच्या माणसावर बोट ठेवलं. त्यांनी ते हळूच स्क्रीनवरून उचललं आणि पुन्हा कामाला लागले. त्या दिवशी मला हा माणूस अगदी नकोसा झाला. चिडून अक्काला सांगितलं, तर ती उशीला टेकून हसली. "तसलंच हाय ते. लगीन झाल्यापासनं बगतीय मी."

अक्का सरकत सरकत चौथी झाली आणि चौथ्या नंबरावरच गेली.

पाचव्या दिवशी केंद्रातून नाव काढायचा निरोप आला. मी काढतो म्हटलं, पण दाजींनीच काढलं. लूप फिरला, खालची नावं वर आली. पानावर रिकामी जागासुद्धा उरली नाही, याचा मला अजून राग येतो. मग दाजी वर आलेल्या एकेकाला फोन लावू लागले. पहिला लागला एका म्हाताऱ्या रिक्षावाल्या चाचांना.

"चाचा, तुमी चौथे झालाव."

"शुकर हाय अल्लाचं! वरच्या पेशंटला मशीन मिळाली वाटतं?"

"व्हय," दाजी म्हणाले, "मिळाली."

फोन ठेवून ते पुढचा नंबर लावायला गेले, पण त्यांना आकडे दिसेनात. मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि लावून दिला.