नर्सबाईंनी डर्बनला जावं का

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, तर नर्सबाईंचे. आईवडिलांचं वेगळं, पण आमच्या घरातला मी पहिला पदवीधर झालो तो या बाईंमुळे. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी त्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होत्या. सगळं गाव त्यांना नर्सबाई म्हणायचं, मीही तेच म्हणायचो. दवाखान्याच्या आवारातल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये वीज सहसा जात नसे, म्हणून मी तिथं अभ्यासाला बसायचो. औरंगाबादला इंजिनियरिंगला नंबर लागला तेव्हा वडील म्हणाले, "तिथं जाऊन भेटायचं कुणाला, बोलायचं काय?" बाईंनी रजा टाकली आणि एसटीनं मला घेऊन गेल्या.

हे सगळं आधी सांगितलं, कारण त्याशिवाय पुढचा गोंधळ कळणार नाही.

दोन हजार पाचच्या सुमाराला मी न्यू जर्सीत पार्सिपनीला राहत होतो. एका मोठ्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर सॉफ्टवेअरच्या कामाला होतो. एका शनिवारी सकाळी बाईंचा फोन आला. एरवी फोन मी करायचो, त्यांचा फोन यायची ही पहिलीच वेळ. त्यांची एकुलती एक लेक नवऱ्याच्या नोकरीमुळे दक्षिण आफ्रिकेत, डर्बन नावाच्या समुद्राकाठच्या शहरात राहत होती. पहिलं बाळंतपण होतं. ती माहेरी यायची होती, पण रक्तदाब वाढल्यामुळे डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली होती. आता जायचं तर बाईंनीच जायचं होतं. त्या रिटायर झालेल्या, यजमान केव्हाच गेलेले, सोबतीला कुणी नाही.

"तू मला नीट सांग बरं," बाई म्हणाल्या, "तिथं माझ्यासारखीनं जावं का? कसं राहायचं, कशाला जपायचं?"

"बाई, ते आफ्रिकेत आहे. मी अमेरिकेत आहे."

"ते कळतं रे मला. पण तू बाहेर आहेस ना? बाहेरचं तुलाच कळणार. इथं कुणाला विचारू? पोस्टमास्तर सांगतोय, रस्त्यावर सिंह फिरतात."

"आणि जावई काय म्हणतात?"

"जावई म्हणतात काही होत नाही, या. त्यांना सासू पाहिजेच आहे, ते काय सांगणार? तू चौकशी कर अन् लिहून पाठव, फोनवरचं मला निम्मं ऐकू येत नाही. तू जा म्हणालास तर जाईन. नको म्हणालास तर नाही जायची."

फोन ठेवला. या बाई अवेळी जीपमध्ये बसून कुठल्याही तांड्यावर बाळंतपणाला जायच्या. नदीला पाणी असलं तर उतरून चालत जायच्या. त्या मला विचारत होत्या की जाऊ का. मी हो म्हटलं आणि तिथं त्यांना काही झालं तर? नाही म्हटलं, आणि गावातल्या निम्म्या पोरांना ज्यांनी या जगात आणलं त्या स्वतःच्या लेकीजवळ नसल्या तर?

माझा रूममेट नागपूरचा. तो सोफ्यावर पडल्या पडल्या सगळं ऐकत होता.

"काय बे, तू डर्बनचा कलेक्टर आहेस काय? सांगून टाक ना माहीत नाही म्हणून."

"त्यांना माहीत नाही असं कसं सांगू?"

"मॅनेजरला रोज सांगतो तसंच."

इंटरनेटवर वाचायला बसलो. जितकं वाचलं तितकं घाबरायला झालं. एका पानावर निळा समुद्र आणि हसणारी माणसं, दुसऱ्या पानावर काय काय करू नये याची लांबलचक जंत्री. दोन्हीकडे शहर एकच. कुणाचं खरं मानायचं ते कळेना.

मग आठवलं, आमच्या ऑफिसात टेस्टिंगला एक बाई होत्या. पन्नाशीच्या, जन्म आणि शिक्षण डर्बनचं. त्यांचे पूर्वज मद्रासकडून उसाच्या मळ्यांवर गेलेले. त्यांना आपली कुठलीच भाषा येत नसे, बोलणं सगळं इंग्रजीत. ऑफिसच्या रीतीप्रमाणे मी त्यांना नुसत्या नावानं हाक मारायचो आणि दरवेळी माझी जीभ अडखळायची. मनात मात्र मी त्यांना डर्बनच्या मावशी म्हणायचो. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांना गाठलं.

मावशींनी फार मनापासून सांगितलं. अंधार पडल्यावर पायी फिरायचं नाही. गाडीत बसताना पर्स मांडीवर ठेवायची नाही, पायाशी ठेवायची. रोबोटपाशी काच वर पाहिजे. मी गोंधळून बघायला लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, सिग्नल! आम्ही सिग्नलला रोबोट म्हणतो." लहान प्रवासी व्हॅनमध्ये नवख्यानं एकटं चढायचं नाही. रस्त्यात उभं राहून नकाशा उघडायचा नाही. आणि सोनं तर अजिबात घालायचं नाही.

मी सगळं लिहून घेतलं. बुधवारी मावशी डब्यातला भात खाता खाता आपल्या आईबद्दल बोलू लागल्या. आई सत्तरीच्या पुढची, डर्बनलाच राहते, रोज सकाळी समुद्रावर चालायला जाते, तिथून मसाल्याच्या बाजारात जाते, एकटी.

"एकटी?" मी म्हणालो. "म्हणजे चालत फिरता येतं?"

"येतं की."

"सोमवारी तुम्ही नाही म्हणालात."

"नाहीच येत."

"म्हणजे?"

"आईला येतं. तुझ्या बाईंना नाही." मग भाताचा घास घेऊन म्हणाल्या, "तसं आईलाही येत नाही. पण ती जाते."

याचं काय करायचं? ऑफिसात एखादी गोष्ट चालते किंवा चालत नाही, आणि कधी चालते, कधी नाही, असं असेल तर आम्ही तिला बग म्हणतो. मी विचारलं, बांगड्यांचं काय? "सोनं म्हणजे सोनं," मावशी म्हणाल्या. आणि लगेच पुढे, "माझी आई मात्र कानातलं काढत नाही."

शेवटी मला सुचलं ते मी केलं. रविवारी कॉलिंग कार्ड घेऊन बाईंना फोन लावला आणि लिहून घेतलेलं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. पत्राला वेळ लागतो, निदान हे तरी आधी कळावं, असं वाटलं. हे करू नका, ते करू नका, इथं जाऊ नका, अनोळखी माणसाशी बोलू नका. पलीकडून काहीच आवाज येईना.

"बाई, ऐकू येतंय ना?"

"आज मेलं सगळं ऐकू येतंय," बाई म्हणाल्या. "सोन्याचं काय म्हणालास?"

"घालू नका म्हणे."

"हातातल्या पाटल्या निघत नाहीत रे. साबण लावून बघितलं. कापाव्या लागतील."

 मग त्या म्हणाल्या, "अरे, पण मग तिथं माणसं राहतात तरी कशी?"

मी कागद उलटसुलट करून बघितला, त्यावर हे लिहिलेलं नव्हतं.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "लेकीला सांगते, नाही जमणार म्हणून. तू चौकशी केलीस, बरं झालं."

बरं काहीच झालं नव्हतं. एका मुलीची आई बाळंतपणाला जाणार होती, ती मी थांबवली होती, तेही न पाहिलेल्या गावाच्या भीतीनं. रूममेट त्या दिवशी थट्टा करेना. एवढंच म्हणाला, "नेवार्क स्टेशनवर आपण पाकीट पुढच्या खिशात ठेवतो ना? पण जातो ना?"

संध्याकाळी मी बाहेर पडलो. आमच्या अपार्टमेंटपुढच्या रस्त्याला फूटपाथ नव्हता, म्हणून गवतावरून चालत गेलो. गाड्या जात होत्या, माणूस एकही नव्हता. इथं मला कधी भीती वाटली नव्हती. पण खालच्या मजल्यावर कोण राहतं तेही मला माहीत नव्हतं. मी जिन्यावरून पडलो असतो तर रूममेट येईपर्यंत तसाच पडून राहिलो असतो. आता याला सुरक्षित म्हणायचं का, हेही मला नीट सांगता येईना. डोकं आणखीच भणभणलं.

सोमवारी मी मावशींकडे बाईंचा प्रश्न जसाच्या तसा नेला. तिथं माणसं राहतात तरी कशी?

मावशी चमचा खाली ठेवून मोठ्यानं हसल्या. "ही बाई मला आवडली. माझी आई मला हेच विचारते, न्यू जर्सीबद्दल. तिनं टीव्हीवर बघितलंय, इथं प्रत्येकाच्या खिशात पिस्तूल असतं."

"तुम्ही काय सांगता?"

"काय सांगणार? म्हणते, स्वयंपाक काय केलास ते सांग." मग त्या गंभीर झाल्या. "आम्ही कसे राहतो सांगू? निघताना एकाला सांगतो, पोचल्यावर फोन करतो. आईचा फळवाला ठरलेला आहे. दुकान ठरलेलं, समुद्रावरचा बाक ठरलेला. रस्त्यात उभ्या केलेल्या गाड्यांवर लक्ष ठेवणारा माणूस असतो, त्याच्या पोरांची चौकशी ती रोज करते. एक दिवस ती दिसली नाही तर संध्याकाळपर्यंत तिघं जण घरी विचारायला येतात. तुझ्या बाईंना आधी कुणीतरी हाताला धरून या सगळ्यांना दाखवून आणायला पाहिजे. ते झालं की निम्मं काम झालं."

"आणि उरलेलं निम्मं?"

"ते तुला मागच्या सोमवारी सांगितलं तेच."

मी माझ्या जागेवर परत आलो आणि स्क्रीनकडे बघत बसलो. मला औरंगाबाद आठवलं. कॉलेजात प्रवेशाचं काम झाल्यावर बाई सरळ एसटी स्टँडवर गेल्या नव्हत्या. मला घेऊन त्या हॉस्टेलच्या वॉचमनकडे गेल्या. मग मेसवाल्या काकूंकडे, मग कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे, मग चहाच्या टपरीवर. प्रत्येकाला सांगायच्या, "हा आमचा पोरगा आहे. गाव सोडून पहिल्यांदाच आलाय. दिसला नाही तर चौकशी करा." मी लाजेनं अर्धा झालो होतो. मला वाटलं होतं, खेडवळ माणसाला शहरात कसं वागायचं ते कळत नाही. पुढं दुसऱ्या वर्षी मला टायफॉइड झाला तेव्हा खोलीचं दार ठोठावून मला दवाखान्यात नेलं ते त्या सायकलवाल्यानं.

हे बाईंना मी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या ते लक्षात असेल की नाही, तेही माहीत नव्हतं. त्याच दिवशी घरी गेल्यावर पत्र लिहायला घेतलं. मनातला गोंधळ तसाच होता, फक्त आता लिहिता येत होतं. ते कुरियरनं पाठवलं. पुढं कधीतरी गावी गेलो तेव्हा बाईंनी ते मला परत दिलं. डर्बनला जाऊन आलेल्या पासपोर्टच्या कव्हरात घडी करून ठेवलेलं, घड्यांवर फाटायला आलेलं. "आता तुझं तू ठेव," म्हणाल्या. ते असं:

ती. नर्सबाईंना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी जे वाचलं ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. मी डर्बन पाहिलेलं नाही. जिला विचारलं ती तिथंच जन्मली, आणि तीसुद्धा एकाच गोष्टीला हो म्हणते आणि नाही म्हणते. तेव्हा मला सगळं कळलंय असं समजू नका. मला कळलं नाही.

तुम्ही विचारलंत, तिथं माणसं राहतात कशी. तुम्ही मला औरंगाबादला जशी लोकांची ओळख करून दिलीत, तशीच राहतात. वॉचमन, मेसवाल्या काकू, सायकलवाला. मला तेव्हा लाज वाटली होती. टायफॉइडमध्ये मला दवाखान्यात नेलं ते त्या सायकलवाल्यानं. हे तुम्हाला आजच सांगतोय.

जावयांना माझा निरोप सांगा. पहिल्या दोन-चार दिवसांत त्यांनी तुम्हाला हाताला धरून शेजारी, दुकानदार, फळवाला, फाटकावरचा माणूस या सगळ्यांकडे न्यावं, आणि ह्या आमच्या आई म्हणून सांगावं. त्यानंतर त्यांना रोज नमस्कार करा. भाषा येत नसली तरी चालेल.

बाकीचं थोडक्यात. अंधार पडायच्या आत घरी या. सकाळी समुद्रावर जायचं तर लेकीच्या शेजारणीबरोबर जा, आणि पाण्यात उतरलात तर जिथं झेंडे लावून रखवालदार बसलेले असतात तिथंच. गाडीत पिशवी पायाशी, काच वर. तिकडं सिग्नलला रोबोट म्हणतात, जावई म्हणाले तर दचकू नका. वाट चुकलात तर रस्त्यात उभं राहू नका, दुकानात शिरा आणि घरचा फोन नंबर दाखवा. पासपोर्ट घरी ठेवा, जवळ झेरॉक्स ठेवा. सिंह रस्त्यावर नाहीत, पोस्टमास्तरांना सांगा.

पाटल्या कापू नका. त्या झाकायला लांब बाह्यांचं स्वेटर विणण्याऐवजी विकत घ्या, पातळ मिळतं. तिथं उकडतं म्हणे, थोडं सोसा.

बाई, तुम्ही जा. मी हे खात्रीनं म्हणत नाही, पण म्हणतोय. लेकीला तुमच्याइतकं बाळंतपणातलं कळणारं तिथं दुसरं कुणी आपलं नाही.

निघताना मला सांगा. पोचल्यावर फोन करा. इथं किती वाजलेत ते बघू नका.

तुमचा पोरगा