आठ नळ्या आणि माझा शोध

चहा हातात आहे तोवर सांगूनच टाकते, नंतर धीर व्हायचा नाही. माझी पीएचडी एका छोट्याशा नळीत बुडता बुडता राहिली!

माझा विषय फ्लूचा विषाणू. त्याची जनुकं एकसंध नसतात, आठ सुटे तुकडे असतात. पेशीत या तुकड्यांच्या ढीगभर प्रती बनतात आणि नवा विषाणू बाहेर पडताना त्या ढिगातून प्रत्येक प्रकारचा एकेक घेतो. एखादा राहिला की त्याचा वंश तिथेच खुंटतो. हे त्याला जमतं कसं, ते मला शोधायचं होतं. आठ नळ्यांतून आठ तुकडे पेशींत सोडायचे आणि विषाणू तयार होण्याची वाट बघायची.

सहा महिन्यांत अकरा वेळा वाट बघितली. काही नाही! पेशी बदलल्या, इनक्युबेटर बदलला, नागपूरच्या मे महिन्यावर खापर फोडलं. शेवटी वाटलं, अरे, हा तर शोध आहे! तुकडे असूनही ते विषाणूत भरले जात नाहीत, म्हणजे कुणालाच न दिसलेला नियम मला दिसला. डोक्यात हवा गेली हो. माझे गाईड सरही हुरळले आणि पीएचडीच्या समितीपुढे सादरीकरण ठरलं. ते पटलं नाही तर आणखी एक वर्ष काढायचं होतं.

समितीतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, सगळे तुकडे घातले होते ना? मला रागच आला. आमच्या लॅबमधल्या सुलभाताईंकडून नळ्यांचा ट्रे मागवला आणि सगळ्यांसमोर मोजून दाखवल्या. आठ!

सुलभाताई रामटेकच्या, निवृत्तीला आलेल्या. चष्मा लावून त्या ट्रेवर वाकल्या.

"आठ आहेत खऱ्या, पोरी. पण ह्या दोन्हीवर सहावाच तुकडा लिहून आहे नं वं. सातवा काहून नाही दिसून राहिला?"

कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. अक्षर माझंच होतं. दर वेळी मी नळ्या मोजल्या होत्या, वाचल्या एकदाही नव्हत्या.

ज्याला ना डोळे ना डिग्री, तो विषाणू आपले तुकडे बरोबर ओळखतो. याचं मला आजही नवल वाटतं, आणि लाजही.

वर्ष वाढलंच. पण माझं एक संशोधन कुणालाही खोडता येणार नाही. सातव्या तुकड्याशिवाय हा विषाणू बनत नाही, हे मी अकरा वेळा सिद्ध केलंय.