महिपतचं राखून ठेवलेलं पाणी

कल्याणच्या बाजारात महिपत शेलार मापाडी होता, आणि मापाडी जसा असू नये अगदी तसाच होता. जुन्नरकडून घाट उतरून आला तेव्हा अंगावर एक सदरा आणि गळ्यात खणखणीत आवाज, एवढंच त्याचं भांडवल. त्या आवाजावर त्याने जन्म काढला. शेतकऱ्याची भाताची गाडी आली की हा पायली भरायला बसे. पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, हा बाजाराचा रिवाज. लाभ कुणाचा, ते मात्र आधीच ठरलेलं असे. सातव्या पायलीला महिपत सूर असा काही लांबवी, की त्याच सातात आणखी एक पायली व्यापाऱ्याच्या पोत्यात जाऊन पडे. समोरचा शेतकरी बापडा सुरात मान डोलवत बसे. धान्यावरचं सरकारी कंट्रोल उठलं आणि महिपतच्या गळ्याला तर बहरच आला.

अशा माणसाचा येशूवर विश्वास बसला होता. हसू नका, त्याचा तसा समज होता खरा. त्याची बायको रतन बाळंतपणात मरता मरता मिशनच्या दवाखान्यात वाचली. मूल गेलं, पण तिथल्या बायांनी जे सांगितलं ते तिच्या मनात रुजलं आणि पुढे तिने बाप्तिस्मा घेतला. महिपतने अडवलं नाही. बायकोला पुढे घालून आपण काठावरून पाण्याचा अंदाज घ्यावा, तसा तो दर रविवारी मिशनच्या देवळात जाऊन मागच्या बाकावर बसू लागला. पाळक प्रभाकरराव सांगत, मनापासून विश्वास धरा, बाप्तिस्मा घ्या, मागचं सगळं पाप धुतलं जाईल, तारण होईल. या साऱ्यातून महिपतच्या कानात एकच शब्द अडकला, 'मागचं'.

मागचं धुतलं जातं, तर पुढच्याचं काय? पुढच्याला जबाबदार आपण, आणि बाप्तिस्मा तर जन्मात एकदाच. मग आज बाप्तिस्मा घेऊन उद्या बाजारात बसणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. मरायला टेकल्यावर घ्यावा, म्हणजे एका पाण्यात सगळा जन्म निघून जाईल. येशूशेजारच्या वधस्तंभावर शेवटच्या घटकेला विश्वास धरून तरलेल्या चोराची गोष्ट त्याला फार आवडे. तो चोर त्याला आपल्याच धंद्यातला वाटत असावा. रतनने विषय काढला की म्हणे, "अगं, पाणी काय आटतंय व्हय? घेऊ की सावकाश." ती बिचारी रात्रंदिवस देवाजवळ एकच मागत होती, की हा माणूस खराखुरा पालटू दे आणि मेल्यावर तरी आमची ताटातूट नको होऊ दे.

एका पावसाळ्यात महिपतला झटका आला. अर्धं अंग लुळं पडलं, वाचा गेली. रतन भिजत धावत गेली आणि प्रभाकररावांना घेऊन आली. त्यांनी प्रश्न विचारले, याने मान हलवली, त्यांनी कपाळावर पाणी शिंपडलं. सगळं कसं अगदी बेतासारखं झालं. फक्त मरण तेवढं बेताप्रमाणे आलं नाही. दिवाळीपर्यंत स्वारी काठी टेकत हिंडू लागली आणि वाचाही परतली. रतनने देवाचे आभार मानले. महिपत मात्र असा चेहरा करून बसला, जणू कुणी त्याला भर बाजारात लुबाडलं होतं.

राखून ठेवलेलं पाणी असं फुकट गेलं. आता एकच मार्ग उरला होता, नीट वागायचा, आणि तो काही त्याला सुचला नाही. नवं भात आलं तसा तो पुन्हा पायली घेऊन बसला आणि सात पुन्हा लांबू लागलं. दिवा गावाकडचा धोंडीबा नावाचा म्हातारा एकदा दारात येऊन रतनला हळूच म्हणाला, "वैनी, घरी मापून निघालेलो, हितं दोन पायल्या कमी भरल्या. कुनाला बोलू नका, पन तुमच्या मालकांना सांगा." रतनने सांगितलं. महिपतची झोप उडाली. धोंडीबासाठी नव्हे हो, नवं पाप कुठे धुवायचं या काळजीने.

मग त्याला कळलं की विठ्ठलवाडीकडची एक ख्रिस्ती मंडळी नदीत अख्खा माणूस बुडवून बाप्तिस्मा देते आणि शिंपडलेल्याला बाप्तिस्मा मानत नाही. एवढा आनंद त्याला वाचा परतली तेव्हाही झाला नव्हता. रतनला घेऊन तो उल्हास नदीच्या काठावर हजर झाला. तिथले पाळक हरिहर मास्तर कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. महिपतने काठावरूनच सांगितलं, की आपलं पहिलं पाणी धरायचं नाही, आपण तेव्हा शुद्धीतच नव्हतो, हवं तर बायकोला विचारा.

मास्तरांनी विचारलं. 'नव्हते' एवढा एक शब्द रतनने म्हटला असता तर तिच्या नवऱ्याला दुसरं पाणी मिळत होतं, आणि त्याबरोबर पुन्हा बाजारात बसायला मोकळीकही. आजवर तिने त्याच्यासाठी जगाकडे पुष्कळ शब्द टाकले होते. हा तिच्याने टाकवेना.

"शुद्धीत होते," ती म्हणाली. "पाळकसाहेबांनी विचारलं, पापाचा पश्चात्ताप होतो का. तेव्हा मान हलली नाही. पाणी घेणार का विचारलं, तेव्हा हलली. मी बघत होते. अजूनही बाजारात शेतकऱ्यांना मापात फसवतात. यांचा विश्वास येशूवर नाही मास्तर, पाण्यावर आहे."

महिपतने तिच्याकडे असं पाहिलं, की घरी असती तर काठीच बसली असती. मास्तर मात्र शांतपणे म्हणाले, "मग आजच विचारतो. ज्या शेतकऱ्यांना फसवलंत, त्यांचं उद्या बाजारात सगळ्यांदेखत कबूल करून परत कराल? तयार असाल तर या. पाणी इथेच आहे."

महिपत एव्हाना गुडघाभर पाण्यात उतरला होता, तिथेच थांबला. उद्या बाजाराचा दिवस. दिव्याच्या, टिटवाळ्याच्या गाड्या येणार. त्याने धोतराचा सोगा हळूच वर धरला.

"मास्तर," तो म्हणाला, "हंगाम संपल्यावर आलो तर चालंल का?"

रतन वळली आणि चढण चढू लागली. मागे तिला काठीचा आवाज ऐकू येत होता, पण ती त्याच्यासाठी थांबली नाही.