टाळ्यांखाली गेलेला शेवट

माझी ताई रागीट आहे असं सगळे म्हणतात. आहेच. का, ते कोणी विचारत नाही, म्हणून लिहितो.

मी जन्मभर फरश्या बसवल्या. ताईनं जन्मभर गायकांना पियानोची साथ केली. माझे गुडघे गेले, तिची बोटं. शेवटची बरीच वर्षं ती एकाच गायकाबरोबर होती. गळा गोड, अंगात आळस. तालमीला उशिरा यायचा आणि स्वतःची शेवटची ओळ झाली की कोट चढवायचा. घरात आम्ही त्याला नागोबा म्हणायचो. बीळ ताईनं खणायचं, हा आयता येऊन बसायचा.

त्याचं नाव झालं ते एका प्रेमगीतावर. एक गळा, एक पियानो, बस्स. एक माणूस खिडकीशी उभा राहून बाईची वाट बघतो. शेवटचे शब्द, 'ती येईल.' तिथे गायकाचं काम संपतं. मग पियानो एकटाच पुढे जातो. पावलं जवळ आल्यासारखी वाजतात, दाराशी थबकतात आणि तशीच पुढे निघून जातात. म्हणजे ती आलीच नाही. "गाणं तिथे आहे," ताई म्हणायची. तो तुकडा ती रोज सकाळी स्वयंपाकाआधी घोटायची. करंगळी जड पडली की स्वतःलाच शिव्या घालायची.

आणि नागोबा? 'येईल' म्हटलं की छातीवर हात ठेवून वाकायचा. लोक टाळ्या ठोकायचे. ताईचा शेवट त्याखाली चिरडला जायचा. दर वेळी.

एका मैफलीआधी पडद्यामागे ताईनं त्याला बजावलं, "आज माझे हात खाली येईपर्यंत वाकायचं नाही."

"अहो ताई, लोकांना आवडलं तर मी काय त्यांचे हात धरू?"

"मान ताठ ठेवा. एवढं जमेल ना? गायचं नाहीये त्यात काही."

"बघतो," म्हणत तो आरशापुढे गेला.

तो वाकला. टाळ्या पडल्या. ताई त्या गोंगाटात शेवटच्या सुरापर्यंत वाजवत राहिली. तिचा आवळलेला जबडा मला विंगेतून दिसत होता. लोक ओरडले, "पुन्हा! पुन्हा!" नागोबानं मोठ्या मनानं हात पसरले आणि ताईला खूण केली.

गाणं पियानोनंच सुरू होतं, हे लोकांना ठाऊक होतं. सगळे गप्प झाले. ताईनं सुरुवात सोडून वाजवला तो शेवट. सावकाश, पूर्ण. पावलं आली, थबकली, गेली. कोणी खोकलंही नाही. नागोबा तोंड उघडून आपली जागा शोधत राहिला. ताईनं हात खाली घेतले आणि उठून विंगेत आली.

तो मागोमाग धावला. "ताई, कुठलं गाणं वाजवलंत हे?"

ताईनं पिशवी उचलली. "आपलंच," ती म्हणाली. मग मला, "चल रे."

जिन्यावर एक गृहस्थ बायकोला सांगत होता, "पियानोवाल्या बाई विसरल्या वाटतं. वय झालं."

माझे हात शिवशिवले. ताईनं माझी बाही धरली. "जाऊ दे. गप्प बसून ऐकलं ना त्यानं?"

नागोबानं लगेच दुसरी साथीदार गाठली. ताईकडे आता नुसत्या शिकवण्या. नातेवाईक येतात आणि म्हणतात, जरा नमतं घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? त्यांना मी चहा विचारत नाही.