उजव्या सोंडेचे अठ्ठावीस

हसायचं असेल तर मनसोक्त हसा, मी रागावणार नाही. रागावायचा अधिकार माझ्याकडे उरलेलाच नाही. चहा गार व्हायच्या आत माझी फजिती ऐकून घ्या.

मी सावंत. अंबरनाथच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होतो. काम एकच, तयार माल बघायचा आणि खोट काढायची. सगळं खातं मला टरकून असायचं. रिटायर झालो तरी सवय सुटेना. घरी चपाती उजेडात धरून बघायचो. महिन्याभरात सुमनने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, सांगितलं की एक तर तुम्ही काहीतरी शिकायला बाहेर पडा, नाहीतर मी पडते.

म्हणून मी उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या छापचित्रांच्या स्टुडिओत जाऊ लागलो. स्टुडिओ म्हणजे जुनी पत्र्याची शेड. पूर्वी तिथे बिस्किटांची लेबलं छापायचे. आता कुणीही यावं, लिनोची, म्हणजे रबरासारखी मऊ, लादी घ्यावी, त्यावर चित्र कोरावं, शाई फासावी, कागद ठेवावा आणि प्रेसचं मोठं चाक फिरवून छाप काढावी. शिकवायला दीपा मॅडम. सिंधी, वयाने माझ्या मुलीएवढी, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. पहिल्याच दिवशी म्हणाली, "अंकल, एक बात याद रखना. छाप में सब उलटा आता है."

मी मान डोलावली. आत्ता तुम्हीही डोलावलीत ना? डोलवायला काय जातं!

पुढचे सहा महिने मी पिंपळाचं पान, किटली आणि आमच्या बिल्डिंगखालची मांजर छापत होतो. किटलीचं तोंड डावीकडे आहे की उजवीकडे, कोण विचारतंय? उलटं-सुलटं प्रकरण माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं.

आणि मग माघी गणपती आला. आमची बिल्डिंग पालेगावातली, नवीकोरी, अठ्ठावीस घरांची, आणि गणपतीचं पहिलंच वर्ष. सेक्रेटरी म्हात्रे. बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्याच भातशेतीवर. मीटिंगमध्ये घराघरांत काय भेट द्यायची यावर चर्चा चालली होती. कुणी डबे म्हणालं, कुणी घड्याळ. मी उभा राहिलो आणि म्हणालो, प्रत्येक घराला माझ्या हाताने छापलेला गणपती देतो.

टाळ्या पडल्या. खरं सांगतो, रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा मी कुणाच्या तरी उपयोगाचा होतो. लोकांनी मला 'ते खोट काढणारे सावंत' न म्हणता आर्टिस्ट म्हणावं, एवढीच माझी हाव होती.

तीन आठवडे खपून मी गणपती कोरला. डाव्या सोंडेचा, घरगुती, शांत. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक, त्याचं सोवळंओवळं पाळताना भल्याभल्यांची तारांबळ उडते, हे काय मला ठाऊक नव्हतं? लादीवर सोंड बरोब्बर गणपतीच्या डाव्या हाताकडे वळवली होती. मग अठ्ठावीस छापा काढल्या. प्रत्येकीची शाई बघितली, समास पट्टीने मोजला, आणि जुन्या सवयीने मागे पेन्सिलीने शेरा लिहून खाली सही ठोकली.

दीपा मॅडम एक छाप हातात धरून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हिंमत है अंकल आपकी. ऐसा गणपती कोई बनाता नहीं." मी एवढा फुललो की अख्ख्या स्टुडिओला दाल-पकवान खिलवलं.

गणपती वाटले. लोकांनी फ्रेम करून थेट देव्हाऱ्यात ठेवले, हळद-कुंकू वाहिलं. संध्याकाळी म्हात्र्यांच्या आईने बोलावलं. ऐंशीच्या घरातली बाई, पण नजर माझ्यापेक्षा तिखट. फ्रेमकडे बघत हळूच म्हणाली, "बाला, यो तं उजवे सोंडंचा हाय. याचं सोवलं लय कडक. तुला ठावं हाय ना?"

मी बाहेर आलो आणि लिफ्टसमोर गणपतीसारखं तोंड करून उभा राहिलो. एक हात नाकाला लावून सोंड केली. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, परत डावीकडे. चौथ्या मजल्यावरच्या बाई पिशव्या घेऊन लिफ्टपाशी आल्या आणि मला बघून जिन्याकडे वळल्या. तोवर माझा हिशेब लागला होता. छापेत सगळं उलटं येतं.

तेव्हाच कबूल केलं असतं तर हा किस्सा इथेच संपला असता. पण रात्री आरतीला म्हात्र्यांनी सगळ्यांसमोर विचारलं की काका, उजव्या सोंडेचा मुद्दाम केलात का? अठ्ठावीस घरं माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "मुद्दामच. अभ्यास करून केलाय."

झालं! मी एका दिवसात आर्टिस्टचा शास्त्रीबुवा झालो. लोक दारात नियम विचारायला येऊ लागले. केकमधलं अंडं चालतं का? सुकट मासळीत धरायची का? बाहेरून आणलेली बिर्याणी जिन्यात बसून खाल्ली तर? मी डोळे मिटून, थोडं थांबून, सगळ्याला नाही म्हणायचो. दर बुधवारी आणि रविवारी गेटवर पाटी घेऊन बसणारी पार्वती मावशी दोनदा मासळी तशीच परत घेऊन गेली. वॉचमनला विचारत होती, बिल्डिंगमध्ये कोण गेलं का म्हणून.

आमच्या घरी तर सुतकच. मी मालवणचा. सुरमईशिवाय रविवार म्हणजे माझ्यासाठी सोमवारच. पण अभ्यासू माणसाने तक्रार कुणाकडे करायची?

तिसऱ्या आठवड्यात म्हात्रे घरी आले आणि खुर्चीच्या कडेला बसले. म्हणाले, "काका, आयेचं जेवान सुटलंय. जवला नाय, बोंबील नाय, ती नुसती भाताकडं बघतं. काय उपाय हाय का तुमच्या पोथीत?"

पोथी कसली आणि काय! मला इतकी लाज वाटली की मी तसाच उठून त्यांच्याबरोबर खाली गेलो. म्हातारीच्या पलंगाशी बसून सगळं सांगितलं. लादी, छाप, उलटी सोंड, आणि नंतर मारलेली ती थाप. ती ऐकत राहिली आणि मग एवढी हसली की सून पाणी घेऊन धावत आली. डोळे पुसून तिने निकाल दिला. "देव फेकाचा नाय. पन चूक तुझी, तं सोवलं पन तूच पाल."

मी नवी लादी कोरली, या वेळी समोर आरसा ठेवून. दीपा मॅडमला हकीकत सांगितली तर ती प्रेसच्या चाकाला धरून हसत सुटली. तिला वाटलं होतं, मी मोठा उपासक आहे.

डाव्या सोंडेचे गणपती घरोघर गेले आणि उजव्या सोंडेचे सत्तावीस, फ्रेमसकट, वाजतगाजत माझ्याकडे आले. माझा धरून अठ्ठावीस. हॉलची एक भिंत त्यातच गेली.

परवाच्या रविवारी सगळ्या बिल्डिंगमध्ये सुरमई तळली जात होती. सुमन म्हात्र्यांकडे म्हातारीच्या पंक्तीला जेवायला गेली. जाताना म्हणाली, "पाळायला दोघं कशाला? खोट एकाचीच आहे."

मी सोवळं नेसून वरण-भात जेवलो. मग वेळ जाईना म्हणून भिंतीवरच्या फ्रेमा उतरवून, उघडून काचा पुसायला घेतल्या. एक छाप उलटी केली, दुसरी केली, तिसरी केली. प्रत्येकीच्या मागे माझ्याच वळणदार अक्षरात, सहीसकट लिहिलं होतं: 'तपासलं. दोष नाही.'