पन्ह्यातली उरलेली अर्धी गोळी

नवऱ्यानं माझा गळा धरला तेव्हा भर दुपार होती. कूलर सुरू होता, पोरगी शेजारी खेळायला गेलेली. यांनी माझं डोकं भिंतीवर आपटलं, मग तोंड फरशीवर घासलं. "अहो, सोडा!" मी ओरडत होते. डोळे उघडे होते यांचे, पण ओळख कुठंच नव्हती. सासूनं यांच्या पाठीत लाटणं हाणलं, पुन्हा हाणलं, तेव्हा कुठं पकड सुटली. आणि मग हा बाबा खाटेवर पडून घोरायला लागला!

ओठातून रक्त गळत होतं. माझं ठरलं. पोरीला उचलायचं, काटोलची गाडी धरायची, माहेरी जायचं, ते कायमचंच. मार खाऊन राहणारी बाई मी नाही.

हे उमरेडकडच्या कोळसा खाणीत रातपाळीला. दिवसा झोपावं तर घर लकडगंजात, मागच्या भिंतीला लागूनच आरा मशीन. दिवसभर लाकडं चिरतात. झोपेविना माणूस नुसता वाळला होता. म्हणून डॉक्टरनं झोपेची गोळी दिली, तीही अर्धीच, आणि घेतल्याबरोबर आडवं व्हायचं असं बजावलं होतं.

माझी पिशवी भरून होत आली तेव्हा हे उठले. माझं तोंड पाहिलं आणि पेटले.

"कोणी हात लावला तुले? नाव सांग! मुडदा पाडतो त्याचा!"

कोपऱ्यातली लोखंडी सब्बल उचलून दारापर्यंत गेलेसुद्धा. यांना काहीच आठवत नव्हतं.

"तुम्हीच," मी म्हटलं.

सब्बल हातातून सुटून पायावर पडली. अंगठा फुटला, तरी माणूस हलला नाही.

सासू मटकन खाली बसली. "माय वं! म्याच पन्ह्यात टाकली. तोडून उरलेली अर्धी. चांगली गोळी फेकून काहून द्याची म्हटलं. लेकराले झोप लागन."

पन्हं पिऊन यांनी आपली अर्धीही घेतली होती, आणि वर मोबाइल पाहत बसून राहिले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आमच्यावर कडाडले. "अर्धी म्हणजे अर्धीच! या गोळीनं माणूस झोपेतच उठतो, चालतो, मारतोसुद्धा, आणि त्याला पत्ता नसतो. एकदा असं झालं की ही गोळी पुन्हा घ्यायचीच नाही."

मी काटोलला गेले नाही. पिशवी रिकामी केली, रडत आणि सासूला शिव्या घालत.

आता गोळी बंद आहे. तरी हे ड्यूटीवरून आले, जेवले, की खोलीत जाताना म्हणतात, "बाहेरून कडी लाव वं." मी लावते. खरं सांगू? त्यांनी म्हटलं नसतं तरी लावली असती.