मालतीबाईंच्या नंबरावर अडलेलं मायग्रेशन

हर्षदाला कुणी विचारलं, तू काय काम करतेस, तर ती समोरच्याचं तोंड बघून उत्तर द्यायची. सुरतेतल्या गोडादऱ्याच्या गल्लीत विचारलं तर ‘कॉम्प्युटरचं’, नात्यातल्या लग्नात विचारलं तर ‘ऑफिसात’, आणि कुणी फारच खोदून विचारलं तर ‘पॉवरलूमच्या कारखान्यांसाठी हजेरीचं सॉफ्टवेअर बनवतो आम्ही’. एवढं ऐकलं की पुढचा माणूस हमखास आपला बिघडलेला मोबाइल काढून तिच्या हातात ठेवायचा. नाही म्हणायला ती कुणाला घाबरत नव्हती, पण बिघडलेली वस्तू दिसली की तिचे हात शिवशिवायचे. मग मोबाइल दुरुस्त व्हायचा आणि तिचं जेवण गार व्हायचं.

तिचे वडील मगन धुळ्याकडच्या गावातून लूमवर काम करायला सुरतेत आले आणि इथलेच होऊन गेले. घर दोन खोल्यांचं. वरच्या खोलीत संसार, खालच्या खोलीत आईची, म्हणजे मालतीबाईंची खानावळ. आसपासच्या खोल्यांतून बायका-मुलं गावाकडे ठेवून आलेले कारागीर राहायचे, एक जण पाळीवर गेला की त्याच्या गादीवर दुसरा झोपायचा, आणि जेवायला सगळे मालतीबाईंकडे. हर्षदा आईशी अहिराणीत बोलायची, ऑफिसात मराठी-गुजराती मिसळून, कारखानदारांशी हिंदीत. चिडली म्हणजे सगळ्या भाषा एकदम बाहेर पडायच्या.

ऑफिस पर्वत पाटिया भागात, साड्यांच्या दुकानांच्या वर. मालक कुंदनभाई मूळचे नंदुरबारचे, पण सुरतेने त्यांना पार भाई करून टाकलं होतं. माणूस मनाने चांगला, पण घाईचा. लिफ्ट येईपर्यंत सुद्धा ज्यांना धीर निघत नाही आणि जे मग जिन्यात धापा टाकत बसतात, त्यातले. या वेळची घाई मात्र खरी होती. कडोदऱ्याच्या काही कारखान्यांच्या गेटवर नवी यंत्रं बसली होती. रविवारी संध्याकाळपर्यंत ज्या कारागिराने मोबाइलवर आलेला कोड टाकून नाव पक्कं केलं, त्यालाच सोमवारी सकाळी यंत्र आत घेणार होतं. ज्याचं नाव नाही त्याची पाळी गेली. त्यासाठी जुन्या यादीची रचना बदलून ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची होती, आणि ते काम पहिल्यांदाच एकट्या हर्षदाकडे आलं होतं.

कापड मार्केटात विणणारा आणि घेणारा एकमेकांशी थेट बोलत नाहीत, मध्ये दलाल असतो. हर्षदा आणि डेटाबेस यांच्यामध्येही असाच एक दलाल होता, त्याचं नाव ओआरएम. तिने आपल्या भाषेत सांगायचं, हा रकाना वाढव, तो काढ; त्याने डेटाबेसच्या भाषेत बोलणी करून यायचं. या फेरफाराला मायग्रेशन म्हणतात. सौदा जमला तर तो ‘ओके’ म्हणतो. नाही जमला तर लाल अक्षरांत भलीमोठी तक्रार ओकतो, आणि तिच्यातल्या शेवटच्या एक-दोन ओळीच काय त्या कामाच्या असतात. लाल रंग दिसला की ऑफिसातले बाकीचे चहाला उठायचे. हर्षदा खुर्ची पुढे ओढायची.

शनिवारी दुपारी तिने खुर्ची अशीच पुढे ओढली. कुंदनभाईंनी ठरवलं होतं की नव्या यादीत मोबाइल नंबर एकमेव हवा, एका नंबरावर एकच कारागीर. खोट्या नावांच्या चार-सहा कारागिरांवर हे मायग्रेशन तिने आधी चालवून पाहिलं तेव्हा ते लोण्यासारखं चाललं होतं. मग तिने खऱ्या यादीची नक्कल काढली, कारण खऱ्या माहितीवर थेट हात टाकायचा नाही हा तिचा नियम, आणि त्या नकलेवर चालवलं. लगेच लाल. शेवटची ओळ म्हणत होती की एकच नंबर पुन्हा पुन्हा आला आहे, आणि तो नंबर पुढे छापला होता. हर्षदाने तो वाचला आणि तिची कानशिलं तापली. बाजारात हरवलीस तर कुणालाही हा सांग, म्हणून लहानपणी घोकून घेतलेला नंबर होता तो. तिच्या आईचा.

पहिला विचार आला तो हाच, की घाण आपणच केली. आधीच्या कामांत तपासणीसाठी खोटे कारागीर बनवताना ती आईचाच नंबर टाकायची, निराळे नंबर तिने या वेळीच टाकले होते. रामलाल एक, रामलाल दोन, अशी नावं. ते जुने खऱ्या यादीत घुसले असणार.

“काढी नाख ने,” मागून कुंदनभाई म्हणाले. “एक ठेव, बाकीचे डिलीट.”

हर्षदाने तशी आज्ञा लिहिली. बटण दाबण्याआधी सवयीने ती नावं एकदा पडद्यावर आणली, आणि हात तिथेच थांबला. त्यात एकही रामलाल नव्हता. दगा होता, श्रीपत होता, योगराज होता. कोण तिखट खातो, कुणाला भाकरी कडक लागते, हे तिला प्रत्येकाचं ठाऊक होतं. मालतीबाईंची अख्खी खानावळ त्या नंबराखाली ओळीने बसली होती. तिने ते बटण दाबलं असतं आणि तसंच खऱ्या यादीवर चालवलं असतं, तर सोमवारी त्यांतला एक जण गेटच्या आत गेला असता आणि बाकीचे बाहेर. लिहिलेली आज्ञा तिने अक्षर अक्षर पुसली.

त्या संध्याकाळी पहिली पंगत बसली तेव्हा हर्षदा दारातच उभी राहिली. “सगळ्यांनी माझ्या मायचा नंबर का दिला हो?”

दगा हा पंगतीतला सगळ्यात जुना माणूस, पांढऱ्या मिशीचा, मालतीबाईंपेक्षा वयाने बराच मोठा. तो शांतपणे भाकरी मोडत म्हणाला, “मना फोन दोनदा चोरी गया. सिम तं इचारूच नको. तुनी मायना नंबर कोठे जास?”

“आणि फोन असून तरी काय?” श्रीपत म्हणाला. तो अकोल्याकडचा. “लूमच्या खटखटीत कानाशी धरला तरी ऐकू येते का? घरचे इथंच फोन करतात. मले पोरगी झाली, ते पहिल्यांदा मालतीबाईनंच ऐकलं.”

त्या दिवशी मालतीबाईंनी मगनला डब्याबरोबर गुळाची ढेप घेऊन कडोदऱ्याला पिटाळलं होतं, आणि सगळ्या कारखान्याने लूम थांबायची वाट न बघता गूळ खाल्ला होता. हर्षदाला ते आठवलं. आईचा फोन सारखा वाजतो म्हणून ती वैतागायची, अभ्यास होत नाही म्हणून भांडायची. त्या फोनवर कुणाची लेक जन्मली, कुणाचा बाप दवाखान्यातून घरी आला, हे सगळं आधी तिच्या आईच्या कानावर येत होतं, आणि तिला वाटत होतं बाई गप्पा मारतेय. तिला आईचा एकदम अभिमान वाटला, आणि कुंदनभाईंचा नियम काही आता टिकत नाही हेही कळलं.

रविवारी सकाळी तिने ऑफिसात जाऊन तसं सांगितलं. कुंदनभाई उसळले. “एक माणूस, एक नंबर. आखी दुनियामां एम ज छे.”

“दुनियेत असेल. गोडादऱ्यात नाही.”

“संध्याकाळपर्यंत होणार?”

“होणार.”

“आणि नाही झालं तर?”

“तर उद्या सकाळी गेटवर जाऊन त्यांना तोंड दाखवायचं. मी येते, तुम्ही पण या.”

कुंदनभाईंनी तिच्याकडे बघितलं, हसू दाबलं आणि सगळ्यांसाठी नाश्त्याला लोचो मागवला. हर्षदा कामाला भिडली. नंबर एकमेव असण्याची अट तिने काढली आणि त्याऐवजी प्रत्येक कारागिराला स्वतःचा वेगळा क्रमांक द्यायचं ठरवलं. निरोपाचे नंबर निराळ्या तक्त्यात, म्हणजे एका नंबराखाली कितीही माणसं राहू शकतील. पहिल्या झटक्याला ती स्वतःच फसली. नवा रकाना भरायला तिने दलालाला एकच क्रमांक दिला, त्याने तो इमानदारीने सगळ्यांना वाटला, आणि हे तर सगळे सारखेच आहेत म्हणून पुन्हा लाल बोंब मारली. तिने कपाळावर हात मारून घेतला. मग रीतसर केलं: आधी रकाना रिकामा ठेवायची मुभा, मग प्रत्येकाला निराळा क्रमांक, आणि सगळे भरल्यावर मग ‘रिकामा नको, सारखा नको’ असं कुलूप. ओके, ओके, ओके. ती खुर्चीतल्या खुर्चीत गोल फिरली.

दलालाने शेवटी एकच प्रश्न काढला. निरोपाच्या तक्त्यात ‘नातं’ असा सक्तीचा रकाना आहे, जुन्या नोंदींसाठी त्यात काय भरू?

“लखी नाख, अन्य,” कुंदनभाई घड्याळाकडे बघत म्हणाले. हर्षदाने ‘अन्य’ लिहिलं. नकलेवर चाललं, खऱ्यावरही चाललं, आणि दुपार कलताना सगळ्या कारागिरांना कोड रवाना झाले. सकाळचा गार लोचो तिने पुढे ओढला आणि चमचा उचलला, तोच वडिलांचा फोन.

“घरी ये,” मगन म्हणाले. “तुझी माय कोणालाच कोड सांगत नाहीये.”

हर्षदा तशीच निघाली. खानावळीत पोहोचली तेव्हा चूल पेटलेली, परातीत पीठ मळलेलं, आणि भिंतीला टेकून सगळे कारागीर हवालदिल चेहऱ्याने उभे. मालतीबाईंनी फोन कमरेला खोचला होता आणि तो तिथून एकसारखा टुणटुणत होता. गल्लीतल्या एका बाईला कुणीतरी फोनवरून फसवलं तेव्हा हर्षदानेच आईला बसवून पढवलं होतं, की फोनवर आलेला कोड सख्ख्या भावालाही सांगायचा नाही. आईने ते मनावर घेतलं होतं. इतकं, की दगाने हात जोडले तरी तिने मान हलवली होती.

“कोड कोनलेच सांगाना नही,” मालतीबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. “तूच सांगेल व्हतं. आनि त्या निरोपमा लिखेल बी शे.”

“माय, या काय बाहेरना शेतस का? घरनाच शेतस ना.”

“मी कोठे नही म्हनी ऱ्हायनू? पन तुना कॉम्प्युटर काय म्हनस? त्यामा मी यासनी कोन?”

हर्षदाने लॅपटॉप उघडला. तिला उत्तर माहीत होतं, आणि आता ते तोंडाने म्हणायची तिला लाज वाटत होती. “अन्य.”

“अन्य म्हनजे?”

“म्हनजे... दुसरं कोनी तरी.”

मालतीबाईंनी हातातली भाकरी तव्यावर टाकली. आवाज चढवला नाही. “मी दुसरी कोनी? दगाले टायफाइड व्हयना तवय पेज दुसरीनी दिन्ही का? चाल, ऱ्हाऊ दे. दुसरीनी तं कोड सांगानाच नही.”

बाहेर ऊन उतरत होतं, गेटच्या यादीत खानावळीतला एकही माणूस अजून पक्का नव्हता, आणि चूक कुणाची हे हर्षदाला स्वच्छ दिसत होतं. ती गव्हाच्या पोत्यावर बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि आणखी एक मायग्रेशन लिहायला घेतलं. “बोला, काय लिहू?”

“माय लिख,” दगा म्हणाला.

“मिशी बघ तुझी,” योगराज म्हणाला, आणि भिंतीजवळचे सगळे हसले.

“मिशीले काय इचारस? लिख तू, मायच लिख.”

“मी घरी आई म्हणतो,” श्रीपत म्हणाला. “पण माय चालते.”

हर्षदाने त्या नंबराखालच्या प्रत्येकाचं ‘अन्य’ काढून तिथे ‘माय’ घातलं. निरोपाचा मजकूरही बदलला. आधी नकलेवर चालवलं, कारण नियम तो नियम. ओके. मग खऱ्यावर. ओके. क्षणभराने मालतीबाईंची कंबर पुन्हा टुणटुणली. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि पडदा डोळ्यांपासून लांब धरून एक एक शब्द वाचला: ‘मालतीबाई, तुम्ही दगा यांच्या माय आहात. हा त्यांचा कोड आहे. फक्त त्यांनाच सांगा.’ त्यांनी तो निरोप दोनदा वाचला. मग दगाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की हर्षदाला पडद्याकडे बघायचं काम काढावं लागलं.

“आथा ये रे,” त्या म्हणाल्या.

पांढऱ्या मिशीचा दगा वाकला. मालतीबाईंनी त्याच्या कानाशी तोंड नेऊन आकडे सांगितले, कारण फक्त त्यालाच सांगा असं लिहिलं होतं. मग श्रीपत वाकला, मग योगराज. एकेक जण कान पुढे करून येत होता, आकडे पुटपुटत कोपऱ्यात जाऊन स्वतःच्या नाहीतर शेजाऱ्याच्या फोनवर टाकत होता, आणि झालं की लग्न जमल्यासारखा हसत होता. भाकऱ्या मगनने उलटल्या, दोन करपल्या. दिवे लागायच्या आत कुंदनभाईंचा फोन आला. “हर्षदा, बधा आवी गया. सगळे हिरवे दिसतायत.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच घाईत नव्हता.

शेवटचा कारागीर गेला तरी मालतीबाई चष्मा लावून फोन चाळतच होत्या. “तुना कोड कोठे शे?”

“मना नही, माय. यादी कारागिरांसनी शे. मी त्यामा नही.”

मालतीबाईंनी फोन पुन्हा कमरेला खोचला. मग त्यांनी दोन्ही हातांनी तिचं डोकं खाली ओढलं आणि तिच्या कानात, इतर कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, म्हणाल्या, “सकायपासून उपाशी शे तू. चाल, आधी जेव.”